चर्चा संपल्यावर काय? साकीनाक्याचे तरुण आणि शहराचा कारभार

२४ ऑक्टोबर २०१९ रोजी विधानसभेची मतमोजणी संपली, तेव्हा चांदिवली मतदारसंघात शिवसेनेचे दिलीप लांडे काँग्रेसच्या आरिफ नसीम खान यांच्यापेक्षा ४०९ मतांनी पुढे होते. त्या निवडणुकीत संबंध महाराष्ट्रात याहून कमी फरकाचा निकाल लागला नाही. साकीनाका याच मतदारसंघात येतो, आणि मतदारसंख्येच्या हिशेबाने हा मुंबईतल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी एक आहे. खैरानी रोडच्या दोन-चार गल्ल्या फिरलं, तर अठरा ते पंचवीस वयाची चारशे मुलंमुली सहज भेटतील. कुणी कॉलेजात आहे, कुणी कारखान्यात, कुणी डिलिव्हरीच्या कामावर. त्यातल्या किती जणांची नावं मतदारयादीत असतात, आणि नाव असलेल्यांपैकी किती जण रांगेत उभे राहतात, यावर अख्ख्या मतदारसंघाचा आमदार ठरू शकतो.

पण मतदान पाच वर्षांतून एकदा येतं. गल्लीतला दिवा रोज संध्याकाळी लागावा लागतो, नळाला पाणी रोज सकाळी यावं लागतं, आणि गटार पावसाच्या आधी साफ व्हावं लागतं. मधल्या पाच वर्षांत तरुणांनी शहराच्या कारभारात भाग कसा घ्यायचा, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्याचं साधन आपल्याला नवं नाही. चार माणसं एकत्र बसतात, बोलतात, भांडतात, ठरवतात. अडचण असते ती त्यानंतर. ठरलेलं काम कुणी, कधीपर्यंत आणि कुठल्या दारात न्यायचं, हे न ठरवताच बैठक उठते.

अठराव्या वर्षी आलेला हक्क

भारतात मतदानाचं वय पूर्वी २१ होतं. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये ते १८ झालं. पूर्वी नाव नोंदवण्यासाठी १ जानेवारी ही वर्षातली एकच तारीख धरली जाई. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला वर्षभर थांबावं लागे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत आणि सतरा वर्षं पूर्ण झालेली मुलं आगाऊ अर्जही देऊ शकतात. एवढी सोय होऊनही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी देशातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपैकी चाळीस टक्क्यांहून कमी जणांची नावं यादीत होती. महाराष्ट्राचं प्रमाण त्याहूनही खाली होतं.

साकीनाक्यात याला एक खास कारण आहे. इथे भाड्याने राहणारी, अकरा महिन्यांनी खोली बदलणारी कुटुंबं खूप आहेत. वीजबिल घरमालकाच्या नावावर असतं, आधारवर गावचा पत्ता असतो, आणि मुलगा समजतो की आपलं नाव लागणारच नाही. मतदारनोंदणीच्या नमुना क्रमांक ६ च्या अर्जात मात्र यावर वाट आहे. पत्त्याचा नेहमीचा पुरावा नसेल, तर बीएलओ, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकारी, प्रत्यक्ष घरी येऊन खात्री करतो. ही एक गोष्ट कळली, तरी अनेकांचा अर्ज भरण्याचा धीर वाढेल.

महापालिकेच्या बाबतीत तर एका पिढीची मोठी अडवणूक झाली. २१ फेब्रुवारी २०१७ नंतरची मुंबई महापालिकेची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मार्च २०१७ मध्ये अठरा वर्षांचा झालेला मुलगा नगरसेवक निवडण्यासाठी पहिल्यांदा मत देऊ शकला, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. त्यातही ७ मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते. कारभार प्रशासकाच्या हाती होता. वस्तीचा प्रश्न घेऊन कुणाकडे जायचं, हे घरातल्या मोठ्यांकडे पाहून मुलं शिकतात. जाण्यासारखं दारच नसेल, तर ते शिकणं थांबतं. या खंडाची भरपाई आता जाणीवपूर्वक करावी लागणार आहे. महापालिकेची निवडणूक लढवण्यासाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, ही गोष्टही तरुणांना सांगायला हवी. विधानसभेसाठी २५ लागतात, वॉर्डासाठी २१ पुरतात.

प्रश्न एक, दारं अनेक

साकीनाक्याने गेल्या वीस वर्षांत पुष्कळ सोसलं आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसात मिठी नदी पात्राबाहेर आली आणि साकीनाक्यात डोंगराची दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे खैरानी रोडवरच्या एका फरसाणाच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले १२ कामगार दगावले. सप्टेंबर २०२१ मध्ये याच रस्त्यावर एका महिलेवर अमानुष अत्याचार झाला आणि तिचा मृत्यू झाला.

या प्रत्येक घटनेनंतर मेणबत्त्या लागल्या, पोस्टर लागले, मोर्चे निघाले. तो संताप खरा होता. पण दरड, आग आणि अंधारा रस्ता हे तीन वेगवेगळ्या दारांचे प्रश्न आहेत, आणि दार ठाऊक नसलं की संताप आठवडाभरात विरून जातो. साकीनाक्याचा बहुतेक भाग महापालिकेच्या ‘एल’ विभागात येतो. त्याचं कार्यालय कुर्ला पश्चिमेला स. गो. बर्वे मार्गावर आहे. मरोळच्या बाजूला सरकलं की ‘के पूर्व’ सुरू होतो. नाला मात्र विभागाची हद्द पाहून वाहत नाही. डोंगराळ वस्तीतल्या संरक्षक भिंतींची कामं म्हाडाच्या झोपडपट्टी सुधार मंडळाकडे असतात. जमीन सरकारी असेल, तर वांद्र्याचं जिल्हाधिकारी कार्यालय. दुकानाचा आरोग्य परवाना महापालिकेकडे, आगीपासूनच्या सुरक्षेची तपासणी अग्निशमन दलाकडे. रस्त्यावरच्या दिव्यांची देखभाल या भागात महापालिकेसाठी अदानी इलेक्ट्रिसिटी करते.

म्हणून वस्तीतल्या तरुणांच्या गटाने पहिल्या महिन्यात करावं असं काम म्हणजे या दारांचा तक्ता. एका मोठ्या कागदावर डाव्या बाजूला प्रश्न, उजव्या बाजूला कार्यालय, पद आणि पत्ता. तो मंडळाच्या खोलीत, अभ्यासिकेत, वाचनालयात लावावा. हा तक्ता तयार करताना मुलं शहराच्या कारभाराबद्दल जे शिकतात, ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून हाती लागत नाही.

बोलण्यातून काय घडलं

एकत्र बसून बोलण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणपती बसला, आणि मेळे व व्याख्यानं यांमुळे उत्सवाला सार्वजनिक चर्चेचं रूप आलं. आपल्या उपनगरांतला धडा मात्र मृणाल गोरे यांच्या कामातून जास्त स्पष्ट दिसतो. १९२८ मध्ये जन्मलेल्या मृणालताई तरुणपणीच राष्ट्र सेवा दलात आल्या. वैद्यकीय शिक्षण सोडून त्या गोरेगावात लोकांमध्ये काम करू लागल्या आणि १९६१ मध्ये महापालिकेवर निवडून गेल्या. नळ, रेशन, झोपडीतलं घर असे रोजच्या जगण्याचे प्रश्न त्यांनी राजकारणाच्या मध्यभागी आणले. लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणत. १९७२ नंतरच्या महागाईत अहिल्या रांगणेकरांसह त्यांनी काढलेल्या लाटणे मोर्चांत हजारो गृहिणी उतरल्या. घरोघरी झालेल्या बोलण्यातून बायकांचा विश्वास बसला होता, म्हणून हाक दिल्यावर त्या रस्त्यावर आल्या.

भिवंडीचं उदाहरण आजच्या साकीनाक्याला आणखी जवळचं आहे, कारण तिथलीही वस्ती मिश्र, कष्टकरी आणि दाट. १९८४ च्या दंगलीत ते शहर होरपळलं होतं. पुढे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुस्लिम शेजारी एका समितीत, त्यांच्यासोबत त्या भागाचे पोलीस, आणि नियमित बैठका. यांत पुढाऱ्यांपेक्षा साध्या रहिवाशांना जागा होती. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा तिच्या शेजारची भिवंडी शांत राहिली. तोवर शेजाऱ्यांची आणि पोलिसांची ओळख पक्की झाली होती, म्हणून अफवा आली की खातरजमा करायला माणूस होता.

दंगलींनंतर मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. सुशोभा बर्वे, ज्युलिओ रिबेरो आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांचा तीत पुढाकार होता. तरुणांना जोडण्यासाठी या चळवळीने क्रिकेट हाती घेतलं. वस्त्यांमधली मुलं आणि पोलीस एकाच मैदानात खेळू लागले. कार्यक्रम कशासाठी घ्यायचा, याचं हे उत्तम उत्तर आहे. सामन्याला जी मुलं येतात, ती सभेला येत नाहीत. पण सामन्यात ओळख झाली, की पुढच्या बैठकीला त्यांना नावाने बोलावता येतं.

मोजणीची ताकद पाहायची, तर ‘राइट टू पी’ मोहीम आठवावी. चेंबूरच्या कोरो संस्थेसह अनेक गटांनी २०११ मध्ये ती सुरू केली. कार्यकर्त्यांनी शहरातली सार्वजनिक शौचालयं फिरून पाहिली, नोंदी केल्या आणि लघवीला जाण्यासाठी पुरुषांना पैसे पडत नाहीत, बायकांना मात्र पडतात, हे आकड्यांनिशी पुढे ठेवलं. प्रत्येक बाईला ठाऊक असलेली गोष्ट नोंदवहीत आली, तेव्हाच ती महापालिकेच्या टेबलावर गेली.

आणि वेळेचं महत्त्व मुंबईतल्या आरे वसाहतीने शिकवलं. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थी होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सर्वोच्च न्यायालयाने त्याचीच याचिका केली आणि ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती. विशी-बाविशीच्या मुलांचं पत्र देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बसायला लावू शकतं, हे त्या तीन दिवसांत दिसलं. निर्णय कागदावर असतानाच त्यात शिरलं पाहिजे, हेही दिसलं.

आधी अभ्यास, मग निर्णय

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने या गावाने एक रीत बसवली. ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. आणि ग्रामसभेच्या आधी अभ्यासगट बसतो. ज्याला विषयात रस आहे त्याने यावं, कायदा वाचावा, जाणकाराला बोलवावं, शंका काढाव्यात. अभ्यासगट निर्णय घेत नाही; तो गावाचा अधिकार. जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत २००९ मध्ये मेंढ्याचं नाव आलं, त्यामागे ही सवय होती.

शहरात ग्रामसभा नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून प्रभाग समित्या दिल्या, पण एका समितीच्या पोटात लाखो लोक येतात. २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदान केंद्राच्या पातळीवर रहिवाशांनी बसून कामं सुचवावीत, ही त्यामागची कल्पना. ती कागदावरच राहिली. क्षेत्रसभा मिळावी ही मागणी आजच्या तरुणांनी लावून धरण्यासारखी आहे. पण अभ्यासगटासाठी सरकारच्या परवानगीची गरज नाही. दर महिन्याच्या एका रविवारी दहा जण एका विषयावर बसू शकतात.

विषयांची वानवा नाही. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. त्यातले आपल्या विभागात कुठल्या कामासाठी किती आले, हा एका बैठकीचा विषय. पुणे महापालिका २००६-०७ पासून अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून आपल्या प्रभागातली कामं मागवत आली आहे. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये वस्त्यांच्या सभांमधून खर्चाचा प्राधान्यक्रम ठरवायला सुरुवात केली आणि ती पद्धत जगभर गेली. फेब्रुवारीत अर्थसंकल्प येतो, म्हणून आपली चर्चा दिवाळीच्या सुमारास झाली पाहिजे. तयार झाल्यावर केलेल्या टीकेला बातमीत जागा मिळते, पण आकड्यांत बदल होत नाही.

एक बैठक, एक काम

आता एक काम अगदी जवळून पाहू. समजा, गटाने अंधाऱ्या रस्त्यांचा विषय घेतला आहे.

संध्याकाळी साडेसातला पंधरा जण जमतात. त्यात निम्म्या मुली असल्याच पाहिजेत, कारण कुठल्या वळणावर पावलं आपोआप भरभर पडू लागतात हे त्यांना ठाऊक असतं. तीन तुकड्या करून तीन रस्ते वाटून घ्यायचे. दिव्याच्या खांबावर क्रमांक रंगवलेला असतो. वहीत चार रकाने आखायचे: खांबाचा क्रमांक, जवळची खूण, दिवा चालू की बंद, आणि शेरा. शेऱ्यात लिहायचं, ‘फांदीने उजेड अडला’, ‘टेम्पो उभे असतात’, ‘शौचालयाची वाट’. तासाभराने सगळ्यांनी परत यायचं आणि नोंदी मोठ्याने वाचायच्या. मग एकच प्रश्न: यातले सर्वांत तातडीचे पाच खांब कुठले? इथे वाद होतो आणि तो होऊ द्यावा. आपल्या गल्लीआधी शौचालयाच्या वाटेवरचा दिवा मान्य करणं, हा नागरिक होण्याचा पहिला धडा आहे.

दुसऱ्या दिवशी अर्ज. एका पानात, एका विषयाचा, खांबांच्या क्रमांकांसह. खाली जितक्या जणांच्या मिळतील तितक्या सह्या. अर्ज दोन प्रतींत न्यायचा. एक प्रत कार्यालयात द्यायची, दुसरीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. ही पोच म्हणजे गटाची खरी कमाई, कारण पुढचं प्रत्येक बोलणं तिच्यावर उभं राहतं. ‘आम्ही सांगितलं होतं’ याला कार्यालयात वजन नसतं. तारीख आणि क्रमांक यांना असतं.

पंधरा दिवसांनी दोघांनी पुन्हा जायचं. महिन्याभरात काहीच हललं नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा. त्याचं शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच, २००२ मध्ये, महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. ‘दिवा का लागत नाही?’ असं विचारू नये. ‘अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, त्या फायलीची प्रत द्यावी’ असं मागावं, कारण या कायद्यात नोंदी मिळतात, खुलासे मिळत नाहीत.

शेवटची पायरी बहुतेक गट विसरतात. दिवा लागला की वस्तीला सांगायचं. मंडळाच्या फळ्यावर लिहायचं: पाच खांबांपैकी तीन सुरू, दोन बाकी, अमुक तारखेला पुन्हा जाणार. ज्यांनी सह्या दिल्या त्यांना आपल्या सहीचं काय झालं ते कळलं, तर पुढच्या अर्जावर सह्या मागायला फिरावं लागत नाही.

कुणासाठी खुर्ची ठेवली आहे?

चर्चेत कोण येतं, हे तिच्या वेळेवर ठरतं. साकीनाक्याच्या कारखान्यांत आणि शिलाईच्या खोल्यांत काम करणारी मुलं रात्री नऊला सुटतात. त्यांच्यासाठी सुट्टीच्या दिवसाची सकाळ हवी. मुलींच्या घरच्यांना जागा ठाऊक असावी आणि सोबत परतण्याची सोय असावी. भाषेचा अट्टाहास नको. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ बोलणारी घरं एका भिंतीने जोडलेली आहेत. बैठकीत ज्याला जसं जमेल तसं बोलू द्यावं आणि अर्ज मात्र एकाने नीट मराठीत लिहावा. तो लिहिताना परप्रांतातून आलेला मुलगा राज्याच्या कारभाराची भाषा शिकतो आणि मराठी मुलालाही ती पहिल्यांदाच शिकावी लागते.

पक्षांचे कार्यकर्ते येणारच. त्यांना हाकलू नये, सूत्रं मात्र देऊ नयेत. बैठकीच्या जागी कुणाचा फलक नको आणि अध्यक्षपद दर वेळी बदलावं. कॉलेजांमधल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करावं लागतं. एका दिवसाच्या झाडूफेरीत ते तास संपवण्यापेक्षा वस्तीच्या अर्जांचा पाठपुरावा करण्यात ते लागले, तर विद्यार्थ्यालाही फायदा आणि वस्तीलाही.

मोठ्यांनी यात एक पथ्य पाळायला हवं. मुलांना सतरंज्या उचलायला आणि खुर्च्या लावायला बोलावायचं आणि निर्णय स्वतः घ्यायचे, ही मंडळांची जुनी खोड आहे. एका विषयाची पूर्ण जबाबदारी, पैशाच्या हिशेबासह, पंचविशीच्या आतल्या मुलांकडे द्या. चुका होतील. अर्ज चुकीच्या कार्यालयात जाईल, एखादी फेरी फुकट जाईल. त्यातूनच ती शिकतील.

सरकार बदलेल, नगरसेवक बदलतील, तुमची खोलीही कदाचित बदलेल. पण अर्ज लिहिता येणं, पोच मागता येणं, दुसऱ्या गल्लीच्या दिव्यासाठी आपली सही देता येणं, हे एकदा शिकलं की आयुष्यभर सोबत राहतं. म्हणून हे प्रकरण वाचणाऱ्या प्रत्येक तरुण वाचकाला विनंती आहे: येत्या रविवारी आपल्या वस्तीतल्या पाच जणांना बोलवा, एकच प्रश्न निवडा, आणि त्याच आठवड्यात शिक्का मारलेली पहिली पोच घेऊन या.